उतरती कळा नसलेली साम्राज्यं

काळ्या पडद्याच्या मधोमध नऊ चौकोन उजळलेले असतात. एकात नदीचं वळण, तीन-चारांत गवताळ जमीन, कोपऱ्यात एक डोंगर. मधल्या चौकोनावर वसाहत करायला निघालेली माणसं लुकलुकत असतात आणि बाजूला साल दिसतं, इसवी सनापूर्वी ४०००. गाव इथेच वसवायचं, की एक घर सरकून नदीकाठी? एक घर सरकायचं म्हणजे एक चाल गेली, आणि त्या काळातली एक चाल म्हणजे वीस वर्षं. १९९१ सालच्या 'सिव्हिलायझेशन'ची ही सुरुवात. नाशिकला बाबांच्या करसल्ल्याच्या ऑफिसात एक ४८६ संगणक होता. रात्री आठला कारकून घरी गेले की दादा आणि मी त्यावर बसायचो. मी तेव्हा सातवीत होते. नदीकाठी की डोंगरावर, यावरून आमची खरीखुरी भांडणं झाली आहेत.

त्या वर्षी आम्ही चाळीसेक डाव मांडले असतील. शेवटपर्यंत नेले ते तीन. बाकीचे सगळे मध्येच सोडले, आणि हरत होतो म्हणून नव्हे. बहुतेक डाव आम्ही जिंकत असतानाच सोडले. पुढे ओळखीच्या ज्या ज्या खेळाडूशी बोलले, त्या प्रत्येकाची हीच कथा निघाली. सुरुवातीसाठी रात्रीचा दिवस करायचा, मध्य नेटाने खेळायचा आणि विजय समोर दिसू लागला की डाव मोडून नवा मांडायचा. साम्राज्य उभारण्याच्या या चालींच्या खेळांना आता चार दशकांहून अधिक इतिहास आहे आणि त्यांच्यातला हा दोष जवळजवळ तेवढाच जुना आहे. माझं मत असं की तो दोष लांबीचा नाही, कंटाळ्याचाही नाही. या खेळांत राज्याला चढती कमान आहे, उतरती कळा नाही. ज्यांनी ज्यांनी ती आणायचा प्रयत्न केला, त्यांचा हा आढावा.

आधी कुळाकडे पाहू. वॉल्टर ब्राइट याने १९७७ साली कॅलटेकमध्ये शिकत असताना पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर 'एम्पायर' नावाचा खेळ लिहिला. अंधारातून उजळत जाणारा नकाशा, शहरं जिंकायची, शहरांत सैन्य बनवायचं, त्या सैन्याने आणखी शहरं जिंकायची. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज या कंपनीत 'सिव्हिलायझेशन' रचायला घेतला, तेव्हा 'एम्पायर' त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुसरा पूर्वज कागदी पटाचा. फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज रचनाकाराचा 'सिव्हिलायझेशन' १९८० साली आला आणि अमेरिकेत तो अॅव्हलॉन हिलने काढला. शेली मायक्रोप्रोजमध्ये येण्याआधी त्याच अॅव्हलॉन हिलमध्ये काम करत होता.

ट्रेशमच्या पटावर जरा थांबायला हवं. त्यात खेळाडू मीठ, धान्य, कापड अशा मालाच्या पत्त्यांचा व्यापार करतात आणि त्याच गड्डीत आपत्तीचेही पत्ते असतात. दुष्काळ, पूर, साथीचा रोग, यादवी. त्यांतले काही पत्ते मालाच्या आड लपवून शेजाऱ्याच्या गळ्यात मारता येतात. पाहता पाहता भरभराटीचं राज्य निम्मं होतं आणि तो खेळाडू पुन्हा उभा राहायला लागतो. पटावरची वस्ती वाढते, ओसरते, पुन्हा वाढते. हे ओसरणंच संगणकावर येताना जवळजवळ पुसलं गेलं. मायरच्या खेळात पूर, आग, साथ आहेत, राजधानी पडली तर मोठं राज्य दुभंगूही शकतं. पण डावाचा कणा एकच, वाढ.

असं का झालं, याचं कारण मायरने स्वतःच सांगितलं आहे. त्याच्या मनात साम्राज्यांचा उदय आणि ऱ्हास दोन्ही होते. पण ऱ्हास सुरू झाला की खेळाडू मुकाट्याने आधीचा सेव्ह, म्हणजे जतन करून ठेवलेला डाव, उघडतो. वाईट घडलं ते घडलंच नाही असं करण्याची सोय पटावर नसते, कारण समोर चार माणसं बसलेली असतात. संगणकासमोर खेळाडू एकटा असतो. ही सोय एकदा दिल्यावर पडझडीला खेळात जागा उरत नाही. पुढच्या सगळ्या रचनाकारांना झगडावं लागलं ते खरं तर या एका बटणाशी.

मायरने घेतलेला दुसरा मोठा निर्णय चालींचा. सुरुवातीला हा खेळ आपोआप पुढे सरकणाऱ्या काळात चालत होता, जसा १९८९चा 'सिमसिटी'. त्यात खेळाडू प्रेक्षक व्हायचा, घडेल ते बघत बसायचा. मग घड्याळ काढून टाकलं आणि प्रत्येक चाल खेळाडूच्या हुकमाची वाट पाहू लागली. हे काम केवढं मोठं होतं, ते हे खेळ खेळलेल्यालाच कळेल. दोन चालींनी कोठार पूर्ण होणार, तीन चालींनी लिपीचा शोध लागणार, पाच चालींनी जहाज किनाऱ्याला लागणार. सगळी कामं एका वेळी कधीच संपत नाहीत, म्हणून उठायला योग्य क्षण कधीच येत नाही. 'आणखी एकच टर्न' म्हणत पहाटेचे चार वाजतात ते यामुळे. व्यसन म्हणून याची हेटाळणी करणारे आहेत, पण विणकाम करणारी बाई 'एवढी एक ओळ' म्हणते त्यात आणि यात मला फरक दिसत नाही. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकवत नाही, एवढंच.

आता मधल्या टप्प्याकडे. बाबा आम्हाला चक्रवाढ व्याजाची उदाहरणं घालायचे, आणि मला ती समजली या खेळामुळे. पहिलं शहर दुसऱ्या शहराला माणसं देतं. दोन शहरं मिळून आणखी दोन वसवतात. जास्त शहरं म्हणजे जास्त व्यापार, त्यातून जास्त विद्या, विद्येतून चांगलं सैन्य, सैन्यातून शेजाऱ्याची शहरं. पहिल्या पन्नास चालींत मिळवलेली छोटीशी आघाडी शंभराव्या चालीला डोंगराएवढी होते. म्हणून सुरुवातीच्या प्रत्येक निर्णयाला वजन असतं, आणि त्याच कारणाने नंतरच्या निर्णयांना उरत नाही. निकाल अर्ध्या वाटेतच लागलेला असतो. उरतं ते काम. सुरुवातीला एका चालीत दोन सोंगट्या हलवायच्या असतात, शेवटी ऐंशी.

वरच्या पातळ्यांवर संगणक अवघड प्रतिस्पर्धी होतो खरा, पण तो जास्त हुशारीने खेळतो असं नाही. त्याला सगळं स्वस्तात मिळतं, बस. त्यामुळे पहिले शंभर टर्न जीव मुठीत धरून काढायचे, आणि एकदा त्याला गाठलं की पुढे मैदान मोकळं.

डाव संपवायला नकार दिला तर काय होतं, हेही एकाने पाहून ठेवलं आहे. २०१२ साली एका खेळाडूने 'सिव्हिलायझेशन २'चा दहा वर्षं अधूनमधून खेळत आणलेला एकच डाव लोकांसमोर ठेवला. साल ३९९१. जगात तीनच महासत्ता उरलेल्या. अणुस्फोटांनी ध्रुवांवरचं बर्फ वीसेक वेळा वितळलेलं, शेतजमिनीची दलदल झालेली आणि तिघांचं शतकानुशतकं चाललेलं युद्ध कुणालाच जिंकता येईना. लोकांना ते भयंकर भविष्य वाटलं. मला त्यात रचनेची मर्यादा दिसली. तीन राज्यं शतकानुशतकं दलदलीत लढतात आणि एकही आतून कोसळत नाही. वारसाहक्काची भांडणं नाहीत, थकवा नाही. खेळाला आतून कोसळणं माहीतच नव्हतं.

या मालिकेने पुढे वाढीला वेसण घालायचे प्रयत्न पुष्कळ केले. तिसऱ्या भागात, २००१ साली, भ्रष्टाचार फार तीव्र झाला. राजधानीपासून दूरच्या शहरांचं उत्पादन जवळजवळ सगळं गिळलं जायचं. कल्पना खरी होती, पण खेळाडूच्या हातात उपाय फारसा नव्हता. पाचव्या भागात, २०१० साली, सबंध राज्याच्या समाधानाचा एक आकडा आला आणि शहरं वाढवली की तो घसरू लागला. त्यातून चार शहरांची नीटनेटकी राज्यं निघाली, ज्यांना साम्राज्य म्हणणं जिवावर येतं. या सगळ्यांत मला २००५चा चौथा भाग सरस वाटतो. सोरेन जॉन्सनची रचना. त्यात प्रत्येक नव्या शहराचा खर्च तिजोरीवर पडतो. घाईने सहा शहरं वसवली की सातव्याच्या वेळी सैन्य पोसायला पैसा नसतो आणि संशोधन ठप्प होतं. हे बंधन बाहेरून लादल्यासारखं वाटत नाही, राज्यकारभारातून आपसूक येतं.

त्याच चौथ्या भागातली एक खेळी तपशिलात सांगते, कारण या खेळांचा स्वभाव तिच्यात सगळा दिसतो. कांस्यकामाचा शोध लागला की दासप्रथा स्वीकारता येते. मग शहरातल्या वस्तीचा बळी देऊन बांधकाम तत्काळ पूर्ण करता येतं. नेहमीच्या वेगाच्या डावात एका आकड्याइतक्या वस्तीचे तीस हातोडे, म्हणजे उत्पादनाची एककं, मिळतात. कोठाराला साठ लागतात. चार वस्तीचं शहर, एक क्लिक, वस्ती दोनवर येते आणि कोठार उभं राहतं. दहा चाली शहर थोडं नाराज असतं. आणि आता कोठार असल्यामुळे वाढीच्या वेळी निम्मं धान्य शिल्लक राहतं, म्हणून मेलेली वस्ती झपाट्याने भरून निघते. मग पुन्हा क्लिक. चांगले खेळाडू याला 'व्हिप' म्हणतात, चाबूक, आणि वरच्या पातळ्यांवर तो न वापरता टिकणं कठीण. मी तो शेकडो वेळा वापरला आहे. ज्या दिवशी त्या आकड्यातला एक म्हणजे किती हजार माणसं असावीत हा विचार मनात आला, त्या दिवशी हात थांबला. बळी गेलेल्यांची आठवण त्या राज्याला दहा चालीच राहते. अकराव्या चालीला हिशेब कोरा.

इथेच या खेळांवरच्या दुसऱ्या आक्षेपाची गाठ पडते. नकाशा रिकामा समजायचा, रानातून येतील त्यांना रानटी म्हणायचं आणि जमीन वापरात आणायची. १९९४चा 'कॉलनायझेशन' अमेरिकेच्या वसाहतींवर आहे, पण त्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम नाहीत. २०१८ साली सहाव्या भागात क्री समाजाचा नेता पाउंडमेकर खेळता येऊ लागला, तेव्हा त्याच समाजाच्या एका प्रमुखाने जाहीर नाराजी सांगितली. जमीन जिंकत सुटणं ही आमच्या लोकांची जगण्याची रीतच नव्हती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याआधी पाचव्या भागात प्वेब्लो समाजाच्या परिषदेने हरकत घेतल्यावर त्यांचा पुढारी पोपे वगळण्यात आला होता. हे आक्षेप मला रास्त वाटतात. ज्या खेळात वाढ हीच एकमेव भाषा आहे, तिथे न वाढता शहाणपणाने जगणाऱ्यांना बोलायला शब्दच मिळत नाहीत.

भारताच्या वाट्याला गांधीजी आले. पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक भागात ते भारताचे नेते म्हणून आहेत. पहिल्या भागात एका आकड्याच्या चुकीमुळे ते अणुबाँबचे भुकेले झाले ही दंतकथा सर्वदूर आहे, पण २०२०च्या आत्मकथेत मायरने ती नाकारली आहे. मला जास्त खटकतं ते दुसरंच. इसवी सनापूर्वी ४००० साली गाव वसवणारे तेच, चंद्रावर यान पाठवणारेही तेच. सहा हजार वर्षं एकच राज्यकर्ता. जिथे राजाच मरत नाही तिथे राज्य कसं मरणार?

जपानने हा प्रश्न निराळ्या टोकाने घेतला. कोएई कंपनीचा 'नोबुनागाज अॅम्बिशन' १९८३चा आणि चिनी तीन राज्यांच्या काळावरचा 'रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स' १९८५चा, म्हणजे दोन्ही मायरच्या आधीचे. त्यांत राज्य म्हणजे माणसं. सरदारांची निष्ठा कमी-जास्त होते, दुखावलेला सरदार शत्रूला जाऊन मिळतो, राजा म्हातारा होऊन मरतो आणि गादीवर कोण, हा प्रश्न उभा राहतो. आपल्या मातीत वाढलेल्या वाचकाला हे लगेच कळतं. बखरी याच गोष्टींनी भरलेल्या आहेत.

अवकाशात गेलेल्यांनी शेवटाचा प्रश्न आणखी नेमका सोडवला. सिमटेक्सचा 'मास्टर ऑफ ओरायन' १९९३चा. त्याच्यावर लिहितानाच अॅलन एमरिच या समीक्षकाने शोधा, पसरा, वापरा, संपवा अशा चार क्रियांना मिळून 'फोर एक्स' हे नाव दिलं, जे आज सगळ्या प्रकाराला चिकटलं आहे. यात ग्रहावर इमारती एकेक करून बांधायच्या नसतात. प्रत्येक ग्रहाला जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन अशा पाच सरकपट्ट्या, की झालं. त्यामुळे पन्नास ग्रहांचं राज्यही जड होत नाही. शिवाय दीर्घिकेचा बराच भाग वसला की दर पंचवीस वर्षांनी परिषद भरते आणि दोन तृतीयांश मतं मिळतील तो सम्राट ठरतो. निकाल दिसू लागला की खेळच तो जाहीर करून मोकळा होतो. आणि समोरचा सम्राट ठरला तर कौल धुडकावून सगळ्यांशी अखेरचं युद्ध पुकारता येतं. तीस वर्षं झाली, यापेक्षा सुबक शेवट मी पाहिलेला नाही. १९९९चा 'अल्फा सेंटॉरी' ब्रायन रेनॉल्ड्सचा. तिथे शेवट कथेतून येतो. आपण ज्या ग्रहाला ओरबाडतो तो ग्रहच जागा होत जातो, म्हणून पुढचं पान उलटावंसं वाटतं.

पण उतरती कळा जशीच्या तशी खेळात आणली ती एका हौशी रचनाकाराने. गॅब्रिएले त्रोवातो या इटालियनाने चौथ्या भागावर 'राइज अँड फॉल' नावाची फेररचना केली आणि २००७च्या 'बियाँड द सोर्ड' या पुरवणीत मूळ कंपनीनेच तिला स्थान दिलं. त्यात खरा जगाचा नकाशा आहे आणि संस्कृती आपापल्या काळात जन्मतात. राज्याला स्थैर्याचं माप आहे. जास्त पसरलात, परक्या मुलखात घुसलात, अर्थव्यवस्था रुतली की स्थैर्य घसरतं, मग टोकाची शहरं स्वतंत्र होतात आणि शेवटी सगळंच ढासळतं. तुमच्या मुलखात नवी संस्कृती जन्मली तर तुमचीच शहरं तिच्याकडे जातात. विजयाच्या अटीही प्रत्येक संस्कृतीच्या इतिहासातून घेतलेल्या, तीन-तीन. जग जिंकायची गरज नाही. मी पहिल्यांदा रोमन राज्य घेऊन खेळले तेव्हा भूमध्य समुद्राभोवतीचं सगळं माझं होतं, आणि दोन संध्याकाळींत त्याचे तुकडे झाले. आधीचा सेव्ह होता, पण तो उघडावासा वाटला नाही, कारण पुढे काय होतं याची उत्सुकता विजयापेक्षा मोठी झाली होती. ज्या बटणापुढे मायरने हात टेकले होते, त्याला उत्तर मिळालं ते हे.

मोठ्या कंपन्या तिथे उशिरा पोचल्या. पॅरिसच्या अँप्लिट्यूडने २०२१च्या 'ह्युमनकाइंड'मध्ये दर युगात संस्कृती बदलण्याची मुभा दिली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या सातव्या 'सिव्हिलायझेशन'ने तोच मार्ग घेतला. डावाची तीन युगं, पहिल्या दोहोंच्या शेवटी संकट, मग नवी संस्कृती. भारतापुरतं पाहिलं तर मौर्य, चोळ आणि मुघल. रोग ओळखला याबद्दल मी रचनाकारांची आभारी आहे, पण औषध चुकलं असं वाटतं. संकट ठरलेल्या वेळी येतं, सगळ्यांना सारखंच येतं आणि त्यानंतर सगळे नव्या ओळीवर उभे राहतात. आपल्या चुकीमुळे राज्य खचलं, ही जाणीव त्यात नाही. त्यापेक्षा सोरेन जॉन्सनचा २०२१चा 'ओल्ड वर्ल्ड' पुष्कळ पुढे गेला आहे. एक चाल म्हणजे एक वर्ष, चालीत देता येणारे हुकूम मोजके, त्यामुळे ऐंशी सोंगट्या हलवायचा प्रश्नच नाही. राणी म्हातारी होते, मुलगा हट्टी निघतो, घराणी रुसतात. जिंकायला दहा मनसुबे पुरे करावे लागतात आणि ते एका राज्यकर्त्याच्या आयुष्यात बसत नाहीत.

मराठ्यांचं राज्य खेळायचं तर 'एम्पायर: टोटल वॉर' आहे, २००९चा. नकाशावर चाली, लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत. मोहीम १७०० साली सुरू होते. त्याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराज गेले, साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. खेळात यातलं काही जाणवत नाही. मी तीनदा खेळले, तिन्ही वेळा काही दशकांत सगळा हिंदुस्थान माझा झाला आणि तिन्ही डाव तिथेच सोडले.

आपल्या भाषेत सर्वनाशाला आजही पानिपत म्हणतात. या खेळांत कुणाचं पानिपत होत नाही, कारण १३ जानेवारीचा सेव्ह शिल्लक असतो. पण त्या पराभवानंतर दहा वर्षांत मराठी फौजा दिल्लीत होत्या, १७७२च्या जानेवारीत शाह आलम त्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत परतला. हे सावरणं कसं झालं, त्यासाठी कोणते निर्णय घ्यावे लागले, हे चाली-चालीने खेळून पाहायची मला फार वर्षांपासून इच्छा आहे. डाव १७६१च्या जूनमध्ये सुरू व्हावा. नानासाहेब नुकतेच गेलेले, एक पिढी रणात कापली गेलेली, डोक्यावर कर्ज, निजाम पुण्याकडे निघायच्या बेतात, घरात काका, दक्षिणेत हैदर, आणि गादीवर सोळा वर्षांचा मुलगा. पहिली चाल त्याची.